रणभिसेकाकांचे पोचे

रणभिसेकाकांची आणि माझी पहिली भेट दिल्लीत, आमच्या द्वारकेच्या सोसायटीतल्या लिफ्टमध्ये झाली. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं आणि म्हणाले, "साडेसहा सेंटिमीटर." मग माझ्या नवऱ्याकडे मान वळवली. "हे साडेसात." एवढ्यात चौथा मजला आला आणि ते उतरून गेले. आम्ही दोघं सातव्या मजल्यापर्यंत एकमेकांकडे बघत राहिलो. नवरा म्हणाला, "मराठीत बोलले, म्हणजे आपल्यातलेच दिसतात."

त्या 'आपल्यातले'पणाचा मला पुढं किती त्रास झाला आणि माझ्यामुळं त्यांना किती झाला, ते सांगायला हे लिहिते आहे. हसू येईल तिथं खुशाल हसा. मीही पुष्कळ हसले, आणि आता नेमकी त्याचीच लाज वाटते.

काका मोटारींची मॉडेलं करतात. एकास चोवीस हे त्यांचं प्रमाण, म्हणजे खऱ्या गाडीचा चोविसावा हिस्सा. जन्मभर ते नकाशे काढणाऱ्या एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. अख्खे जिल्हे कागदावर बसवण्यात नोकरी गेली. निवृत्तीनंतर डोंगर-नद्या सुटल्या, पण भागाकार सुटला नाही. त्यांना सगळं जग चोविसानं भागून दिसतं. एकदा सोसायटीत तीन दिवस पाणी नव्हतं. लोक माझ्यावर धावून आले, कारण सेक्रेटरी मी. (दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं म्हणून मी. सरकारी नोकरीतल्या माणसाला फायली आवडतातच, असा लोकांचा समज असतो.) त्या गर्दीत काका शांतपणे म्हणाले, "स्केलमध्ये घ्या मॅडम. तीनच तास झालेत." माझ्या चोपन्नाव्या वाढदिवसाला म्हणाले, "स्केलमध्ये सव्वादोन वर्षं. या वयात माणूस हट्टी असायचाच." आमच्या डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान जातं, त्याचा सगळ्यांना वैताग. काका मात्र गच्चीतून बोट दाखवून म्हणतात, "देवानं आयतंच स्केलमध्ये करून ठेवलंय बघा."

नाव शमुवेल रणभिसे, मूळ गाव नगर. दिल्लीच्या जिभेला 'रणभिसे' काही झेपत नाही. गार्ड त्यांना 'रणबीर जी' म्हणतात, कुरिअरवाला 'रणबीर सिंह' लिहितो आणि काका त्यावर बिनतक्रार सही करतात. मी म्हटलं, सांगा की त्यांना नीट. तर म्हणाले, "पार्सल मिळतंय ना? मग झालं." वयानं माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे, पण मला कधी नावानं हाक मारली नाही. कायम मॅडम. खात्यात ड्राफ्ट्समनच्या वर इतके लोक असतात की एवढ्या वर्षांत पाठीला वाकायची सवय लागत असावी.

मॉडेलांचं सामान कुठल्या दुकानात मिळत नाही, ते घरोघरी मिळतं. श्रीखंडाच्या डब्यांच्या झाकणांतून दारं आणि टप निघतात. गोळ्यांच्या पाकिटांची चंदेरी पाठ म्हणजे आरसे. इंजेक्शनची सुई हा सायलेन्सर. पार्किंगमधली धूळसुद्धा ते मलमलीतून तीनदा चाळतात, कारण दिल्लीची धूळ स्केलच्या मानानं फार जाड असते, तशीच लावली तर गाडीवर खडी पडल्यासारखी दिसते. रंग म्हणजे नेलपॉलिश. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत काका दरवर्षी येतात, आरतीला टाळ्या चुकवतात आणि मोदक मात्र न चुकता खातात. एकदा भर आरतीत त्यांची नजर माझ्या हातांवर खिळली. मंत्रपुष्पांजली संपायच्या आत कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, हा तर मल्होत्रासाहेबांच्या जुन्या गाडीचा मरून. बाटली देता का?" मी दिली. मग त्यांची भीड चेपली आणि ते सोसायटीतल्या इतर बायकांना थांबवून विचारू लागले, "आपका नाखून देखना है." पहिली तक्रार ती.

दुसरी तक्रार पार्किंगची. दिल्लीत गाडीच्या वयाचा नियम आहे. डिझेलला दहा वर्षं, पेट्रोलला पंधरा, की गाडी मोडीत. बेसमेंटमधून दर महिन्याला एखादी गाडी कायमची जाते. काका फक्त असल्या जाणाऱ्या गाड्यांचीच मॉडेलं करतात, आणि तीही आहे तशी, म्हणजे पोच्यांसकट. पत्र्याला ठोकर बसली की जो खळगा पडतो तो पोचा. काका म्हणत, "शोरूममधून निघाली की सगळ्या सारख्या. पोचा पडला की गाडी घरची होते." म्हणून ते खाली जाऊन आधी पोचा फडक्यानं पुसत, त्यावर स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल अंथरत आणि बोटानं दाबून दाबून त्याचा ठसा उचलत. घरी त्या ठशावर चौकटी आखून तो चोविसावा हिस्सा करत. याला त्यांचा शब्द होता 'पोचा घेणं'. "आज गुप्ताजींचे दोन पोचे घेतले," असं ते प्रसन्नपणे सांगत.

आता सत्तरी ओलांडलेला एक गृहस्थ दुसऱ्याच्या गाडीशी उकिडवा बसून तिचं दार कुरवाळतो आहे, हे दृश्य ज्यांना दिसे, ते माझ्याकडे येत. "मैडम, वो आपके वाले अंकल..." आपके वाले! तीनशे घरांच्या सोसायटीत मराठी घरं दोन. त्यामुळं त्यांनी शिंकलं तरी मला सर्दीबद्दल विचारत. मला त्यांची लाज वाटू लागली. हे आता सरळ लिहिता येतं, तेव्हा मी त्याला 'अंतर ठेवणं' म्हणत होते. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच असलो तर मी मराठीत बोले. तिसरं माणूस आत आलं की त्यांच्याशी हिंदी सुरू करी. ते बिचारे एक-दोन वाक्यं गोंधळत, मग हिंदीत उत्तर देत. त्यांचं हिंदी तीस वर्षांत फारसं सुधारलेलं नव्हतं. ऐकायला कमी येऊ लागल्यामुळं गडबडीत शब्द मराठी आणि क्रियापद हिंदी असं काहीतरी तोंडातून निघे.

मग फडकी जाऊ लागली. गाड्या पुसणारे लोक पुसून झाल्यावर ओली फडकी बेसमेंटच्या रेलिंगवर वाळत टाकतात, ती एकेक करून नाहीशी झाली. अकरा गेली. फडकं ते केवढं, पण आमच्या सोसायटीत पाणी न येणं माफ होतं, फडकं जाणं माफ होत नाही. कॅमेऱ्यात पाहिलं तर काका. हातात फडकं, गाडी पुसताहेत, मग पिशवीत काहीतरी सांभाळून ठेवताहेत. रविवारी अकरा वाजता मीटिंग बोलावली गेली. अध्यक्ष मल्होत्रासाहेब, मिनिट्स लिहायला मी, समोर तीस-चाळीस माणसं आणि पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून आलेले रणभिसेकाका. आपल्या छंदाबद्दल बोलायला बोलावलंय, अशी त्यांची समजूत झाली होती, कारण बोलावणं मी पाठवलं होतं आणि ते गुळमुळीत होतं.

मल्होत्रासाहेबांनी आवाज मऊ करून विचारलं की, अंकल, नाराज मत होइए, पण नीचे से पोंछे ग़ायब हो रहे हैं, आपने लिए हैं क्या.

काका उठून उभे राहिले. चेहरा खुलला होता. म्हणाले, "हाँ जी, मैं सबके पोचे लिया हूँ. आपका भी लिया हूँ, साहब. तेईस पोचे घर में हैं. एक-एक सँभाल के रखा है. नीचे नंबर डाला है, किसका कौन सा."

हॉल हसून फुटला. एक जण खुर्चीवरून घसरायचा राहिला. मागून कुणीतरी विचारलं, धो के रखे हैं या मैले ही? काकांना प्रश्न नीट ऐकू आला नाही, ते म्हणाले, "जैसे थे वैसे ही. उसी में तो मज़ा है." पुन्हा हशा.

हिंदीत पोंछा म्हणजे पुसायचं फडकं; मराठीतला पोचा म्हणजे काय हे त्या हॉलमध्ये काकांखेरीज माहीत असलेलं माणूस एकच होतं. मी. माझा जन्म दिल्लीचा असला तरी आईच्या पितळी तांब्याला दोन पोचे होते आणि ते कोणाच्या हातून पडले यावरून आमच्या घरात कैक वर्षं वाद चालला. एका वाक्याचं काम होतं. 'पोचा मतलब डेंट,' एवढं म्हणायचं होतं. पण मी म्हटलं असतं तर सगळे माझ्याकडे वळले असते, मग मला फॉइल, चौकटी, चोविसावा हिस्सा सगळं समजावून सांगावं लागलं असतं आणि 'आपके वाले' या शिक्क्यावर मीच सही केली असती. मी खाली वहीत बघितलं. आणि लिहिलं, इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात, की श्री. रणभिसे यांनी रहिवाशांची तेवीस डस्टर्स नेल्याचं मान्य केलं. यापुढं त्यांनी परवानगीशिवाय बेसमेंटमध्ये जाऊ नये. अकरा हरवलेली असताना तेवीस कुठून आली, हेसुद्धा कुणी विचारलं नाही, मीही नाही. मीटिंग संपल्यावर वही काकांपुढं केली. त्यांनी चष्मा शोधला, तो घरी राहिला होता. म्हणाले, "तुम्ही लिहिलंय ना मॅडम? मग बरोबरच असणार." आणि सही केली.

त्यानंतर ते खाली दिसेनासे झाले. बेसमेंटमधून दोन गाड्या पोच्यांसकट मोडीत गेल्या. कुणीतरी चेष्टेनं त्यांच्या दाराच्या कडीला नव्या पिवळ्या फडक्यांचा गठ्ठा बांधून ठेवला. मला लिफ्टमध्ये भेटले तेव्हा लिफ्ट भरलेली होती. ते नुसते हसले. मीही हसले आणि मोबाइल काढला.

तीन आठवड्यांनी पंपाचा पाइप उघडला, तर त्यावर फडक्यांची गुंडाळी निघाली. गळती थांबवायला प्लंबरनं एकेक फडकं बांधलं होतं. मोजून अकरा. मला वाटलं, सुटले. पण माणसाचं डोकं कुठं चालेल याचा नेम नाही. मल्होत्रासाहेब गंभीर होऊन माझ्या घरी आले. "मैडम, पोंछे लिए ही नहीं, तो अंकल ने माना क्यों? नंबर डालके रखे हैं, बोले थे. यह तो दिमाग़ का मामला है." अकेले आदमी हैं, उद्या गॅस उघडा राहिला तर, असं बरंच बोलले. काकांचा मुलगा बंगळुरूला असतो. त्याला फोन करून कळवायचं की वडिलांना घेऊन जा, त्यांना एकटं ठेवणं आता सुरक्षित नाही. आणि हे काम माझ्याकडे, कारण मराठीत नीट सांगता येईल. मल्होत्रासाहेब वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच काळजी वाटत होती. त्यांच्या काळजीचं कारण माझ्या अक्षरात वहीत लिहिलेलं होतं.

मी दोनदा त्या मुलाचा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. शनिवारी दुपारी जिना उतरून चौथ्या मजल्यावर गेले. काकांच्या घरात शिरायची ती माझी पहिली वेळ, शेजारी राहून सहा वर्षं झाल्यावर.

खिडकीशी टेबल होतं. भिंतीवर लांब फळी आणि फळीवर आमचं अख्खं बेसमेंट, बोटाबोटाएवढ्या अंतरावर लावलेलं. मल्होत्रासाहेबांची मरून गाडी माझ्या नखांच्या रंगात उभी होती. प्रत्येक गाडीखाली ड्राफ्ट्समनच्या अक्षरात चिठ्ठी. 'गुप्ता. मागचा डावा दरवाजा. मुलीचा क्रिकेटचा चेंडू.' 'मल्होत्रा. पुढचा बंपर. आईला रात्री हॉस्पिटलात नेताना गेटला.' काकांनी नुसते पोचे घेतले नव्हते, त्या त्या माणसाला विचारून पोच्याची हकिगतही घेतली होती. आणि ती सांगणारी हीच माणसं हॉलमध्ये हसत होती.

शेवटची एक राखाडी गाडी होती, तिला चालकाच्या बाजूचं दार नव्हतं. ही आमची, काका म्हणाले. मी विचारलं, दार राहिलंय का?

त्यांनी श्रीखंडाचं एक झाकण घेतलं आणि ते बोलू लागले. मला समजावं म्हणून अगदी सावकाश. "मॅडम, तुम्ही दिल्लीत वाढलेल्या, तुम्हाला आमच्याकडचा शब्द ठाऊक नसेल. पोचा म्हणजे काय, तर असा पत्रा असतो." झाकणावर अंगठा दाबला. "असं लागलं, की असा खळगा राहतो. पत्रा फाटत नाही. रंगही जात नाही कधीकधी. नुसता आत जातो. तो पोचा." मीटिंगनंतर घरी आल्यावर कामवाली झाड़ू-पोंछा म्हणाली तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला होता म्हणे, की लोक का हसले. आपल्याच फजितीला ते एकटेच बसून हसले होते. पण मग कुणाला सांगितलं का नाहीत, असं मी विचारलं. "वहीत तुमचं अक्षर होतं. मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, सेक्रेटरीबाईंना स्वतःची भाषा येत नाही. बरं दिसलं नसतं ते."

मी खुर्चीच्या कडेवर बसून होते. जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

काका आपल्याच नादात पुढं सांगत होते. रूथकाकू त्यांची बायको. एक्कावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या, खालच्या बेसमेंटमध्येच. तिसऱ्या दिवशी दार खांबाला घासून दाबलं गेलं. काका चारचौघांत ओरडले, गार्डसमोर. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात नेऊन पोचा काढून आणला. "पोचा निघाला," काका म्हणाले, "पण ती काही पुन्हा स्टिअरिंगला बसली नाही. मीही बस म्हटलं नाही. पुढं ती गेली, मग गाडीचंही वय झालं, तीही गेली. आता दार करायला घेतो तर पोचा आठवत नाही. केवढा होता, हँडलच्या वर की खाली. तीनदा दार केलं. गुळगुळीत दार लावलं की ते खोटं वाटतं. म्हणून म्हटलं, निदान दुसऱ्यांचे तरी जायच्या आत घेऊन ठेवावेत."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. मी म्हटलं, "काका, मला तो शब्द माहीत होता. त्या दिवशी हॉलमध्येसुद्धा माहीत होता."

त्यांनी झाकण टेबलावर ठेवलं. त्या खळग्यावरून बोट फिरवलं.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "शब्द न कळलेला माणूस वर बघतो. तुम्ही खाली बघितलंत."

"मग आत्ता एवढं समजावून का सांगितलंत?"

"रूथ गेल्यापासून मराठीत काही समजावून सांगायला माणूस मिळाला नव्हता," काका म्हणाले. "तुम्ही ऐकत होतात. म्हटलं, सांगून घ्यावं."

त्यांनी मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. विचारायचं तोंड नव्हतं. त्यांनी चहा केला, मी तो प्याले आणि वर आले.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर हिंदीत लिहिलं. मराठी में पोचा मतलब डेंट. रणभिसे जी ने किसी का कोई कपड़ा नहीं लिया, हमारी गाड़ियों के डेंट की छाप ली थी. उनका दिमाग़ बिल्कुल ठीक है, बेटे को फ़ोन नहीं किया जाएगा. मिनिट्स मैंने ग़लत लिखे थे. इथपर्यंत सोपं होतं. शेवटचं वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं. नवऱ्यानं वाचून म्हटलं, हे नसलं तरी चालेल की, काम तर झालंय. चौथ्यांदा लिहिलं आणि पाठवलं: यह बात मुझे उसी दिन मालूम थी.

एरवी आमच्या ग्रुपवर लिफ्ट बंद असल्याच्या सूचनेलासुद्धा क्षणात अंगठे येतात. त्या दिवशी सगळ्यांनी वाचल्याचं दिसत होतं आणि कुणी काही म्हणत नव्हतं. मी मोबाइल उपडा ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. तासाभरानं पहिला अंगठा आला. तो रणभिसेकाकांचा होता. त्यानंतर बाकीचेही आले, पण ते मी मोजले नाहीत.